पाय खाली येईपर्यंत

एर्रामुनचे जोडे आमच्या दुकानात एकतीस वर्षं वरच्या फळीवर पडून आहेत. पांढरं कापड आता ताकाच्या रंगाचं झालंय. दोरीचा तळ मात्र शाबूत. शाबूत असणारच, ते जोडे एकदाच घातले गेले आणि तेही जेमतेम दहा मिनिटं.

मी जोडे शिवते. माझ्याआधी आई शिवायची. आमच्या अर्रिझुबी गावात जो कोणी नाचतो त्याचा पाय आमच्या दुकानातून गेलेला असतो. कोण टाच आपटतो, कोणाचा अंगठा कापड फाडतो, हे मला त्यांची तोंडं पाठ होण्याआधी कळतं. एर्रामुनचा फक्त डावा तळ झिजायचा, पुढच्या बाजूने. उजवा नव्यासारखा राहायचा. आई म्हणायची, "या माणसाला एकच जोडा विकायला हवा. दुसरा पाय तर हवेतच असतो."

पियानो मला कोणी शिकवला नाही. चर्चमध्ये पेटी वाजवणाऱ्या बाईंच्या शेजारी उभी राहून मी पानं उलटायचे, आणि पानं उलटता उलटता त्यांच्या बोटांकडे बघून जे जमलं ते जमलं. स्वरलिपी मी अजूनही सुईत दोरा ओवल्यासारखी वाचते, एक डोळा बारीक करून. त्यामुळे चार वर्षांपूर्वी व्हायोलिन वाजवणारे बालेंदिन मास्तर दुकानात येऊन म्हणाले, "शिशिली, मला साथीला कोणीतरी हवंय," तेव्हा मी मागे वळून बघितलं, दुकानात दुसरं कोणी आहे का.

"मास्तर, मला येत नाही."

"ठाऊक आहे. पण तुझ्या बोटांत जोर आहे. सूर नाहीत, जोर आहे. लुइसा गेल्यापासून मी एकटाच वाजवतोय, आणि एकट्याने वाजवायला ते लिहिलेलं नाही."

लुइसा म्हणजे त्यांची बायको. आणि 'ते' म्हणजे काय, हे विचारायची गरज नव्हती. मास्तरांनी आयुष्यात एकच चीज लिहिली, व्हायोलिन आणि पियानोसाठी, अकरा पानांची. तिला नाव नाही. गावात सगळे तिला 'माफी' म्हणतात, अर्थात मास्तरांच्या पाठीमागे.

माफी कसली ते सांगते.

आमच्याकडे ज्याला मान द्यायचा त्याच्यासमोर नाचतात. नवरीसमोर, निवृत्त होणाऱ्या डॉक्टरसमोर, आणि शवपेटीसमोरही. एकटा माणूस नाचतो, पांढऱ्या कपड्यांत, लाल टोपी काढून हातात घेऊन. वाजवणारा बाजूला उभा असतो, डाव्या हातात बासरी, त्याच दंडावर ढोलकं, उजव्या हातात काठी. चाल पाच मात्रांची असते, किंचित लंगडणारी, आणि मधे एक जागा येते जिथे नाचणारा पाय डोक्याच्या वर फेकून उडी घेतो. तिथे वाजवणाऱ्याने सूर धरून ठेवायचा असतो. किती वेळ? पाय खाली येईपर्यंत. मोजायचं नाही, अंदाज करायचा नाही, नाचणाऱ्याच्या पायाकडे बघायचं. पाय टेकला की पुढचा ठोका. एवढा एकच नियम आहे आणि तो पाच वर्षांच्या पोरालाही माहीत असतो.

थोरले ओलाझार गेले तेव्हा त्यांच्या शवपेटीसमोर मोठा मुलगा एर्रामुन नाचला आणि धाकट्याने, बालेंदिनने, वाजवलं. सगळं गाव चर्चच्या पायऱ्यांवर. मीही होते, बावीस वर्षांची, आईला चिकटून उभी. एर्रामुनने उडी घेतली. अशी उडी त्याने त्याआधी घेतली नव्हती. बापासाठी होती ना. आणि बालेंदिनने डोळे मिटून घेतले. शवपेटीकडे बघवेना म्हणून मिटले असतील. पण मिटले. सूर त्याने आपल्या मनाने धरला आणि आपल्या मनाने सोडला. ढोलक्यावर ठोका पडला तेव्हा एर्रामुन अजून हवेत होता.

तो खाली आला तो ठोक्याच्या मागून. गुडघा वाकला, हात टेकला. पडला नाही; पण गावाने जे बघितलं ते पडण्यासारखंच होतं, बापाच्या शवपेटीपुढे. कोणीतरी मागून हळूच म्हणालं, "शहरात शिकून आला, डोळे मिटून वाजवायला." एर्रामुनने नाच पुरा केला. मग आमच्या दुकानात आला, काउंटरवर बसून जोडे काढले आणि आईला म्हणाला, "दे कुणालातरी."

आई म्हणाली, "वापरलेले परत घेत नाही आम्ही."

तो अनवाणी घरी गेला. त्यानंतर तो नाचला नाही आणि भावाशी बोलला नाही. दोघांची घरं पुलाच्या दोन टोकांना. दोघं जायचे एकाच बारमध्ये, एक अकराला, दुसरा एकला. बारवाला अंतोन सांगायचा की मधल्या काळात तो खुर्ची पुसून घेतो, म्हणजे एकाची ऊब दुसऱ्याला लागायला नको.

त्या हिवाळ्यात मास्तरांनी ती अकरा पानं लिहिली. शाळेच्या सभागृहात लुइसाबरोबर वाजवायचं ठरवलं आणि भावाला निरोप धाडला. उत्तर आलं: "त्याला सांगा, मला डोळे उघडे ठेवून वाजवणारे आवडतात." मास्तरांनी सभागृह रद्द केलं. पहिल्यांदा ऐकायचं ते त्यानेच, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. मग एकतीस वर्षं ते पहिल्यांदा वाजायचंच राहिलं.

*

गेल्या शरदात एर्रामुनची मुलगी कार्मेले दुकानात आली. एर्रामुनला अर्धांगाचा दोनदा झटका येऊन गेला होता. नदीच्या खालच्या अंगाच्या गावात वृद्धांचं घर आहे, तिथे तिने त्याला ठेवलं होतं. मास्तर माझ्या मागच्या खोलीत पियानोपाशी बसलेले. ती सरळ आत गेली.

"काका, ऐकवायचं असेल तर आता ऐकवा."

"त्याने विचारलं?"

"त्यांनी काही विचारलं नाही. काही दिवस ते मला ओळखतात, काही दिवस नर्स समजतात. नर्स समजतात त्या दिवशी जरा बरं वागतात."

"उठून गेला तर?"

"आता कुठे उठून जाणार आहेत, काका?" कार्मेले म्हणाली. म्हटल्यावर तिला स्वतःलाच हसू आलं, आणि मग ते आवरायला तिने माझ्या चामड्याच्या तुकड्यांची रास नीट लावून दिली.

मास्तरांच्या उजव्या हाताला तेव्हा वर्षभरापासून कंप होता. गोळी घेतली की दोन तास हात त्यांचा असायचा, नंतर ज्याचा त्याचा. भराभर सूर असले की कंप लपतो. गज नाचतोच आहे, आणखी थोडा नाचला तर कोणाला कळतंय? उघडा पडतो तो लांब सुरात. आणि त्या चीजेचा जीव एका लांब सुरात आहे, दहाव्या पानाच्या तळाशी. तिथे व्हायोलिन एकटं वर जाऊन थांबतं. माझ्या ओळीत काही नाही, नुसती विश्रांतीची खूण, आणि वर मास्तरांच्या अक्षरात लिहिलेलं: थांब. पाय खाली येईपर्यंत.

पहिल्याच दिवशी मी विचारलं होतं, "म्हणजे किती मात्रा?"

"मोजलंस की संपलं."

"मास्तर, मी शिवणकाम करणारी बाई. माप न घेता मी काही कापत नाही."

"मग माझ्याकडे बघ. मी उतरलो की तू उतर."

मी त्यांच्याकडे बघायचे आणि ते जमिनीकडे बघायचे. माझ्या मागच्या खोलीत खिडकीखाली एक फुटकी फरशी आहे, ते नेमके तिच्याकडे बघत. डोळे टक्क उघडे. गज एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकायचा, सरकता सरकता थरथरायचा, आणि मग त्या फरशीवर काहीतरी टेकायचं. मला दिसायचं नाही, पण त्यांची मान एवढीशी हलायची आणि मी पाचाच्या चालीचा पहिला ठोका द्यायचे. मी चोरून मोजलं. रोज तेवढंच, सात आणि थोडं. तीस वर्षं हवेत असलेला पाय रोज त्याच वेळी खाली येत होता. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

गुरुवार ठरला, सकाळी अकरा. गोळी दहाला. कार्मेले म्हणाली होती, अकराला सगळे जागे असतात. जोडे पिशवीत टाकताना मला स्वतःची जरा लाज वाटली. काय करणार होते मी त्यांचं, ठाऊक नाही. पण मोकळ्या हाताने जायची सवय नाही.

*

दारातच कार्मेले भेटली. चेहरा उजळलेला. "आज दिवस चांगला आहे. सकाळी मला नावाने हाक मारली. म्हणाले, कार्मेले, ही कॉफी आहे की भांडी धुतलेलं पाणी."

मास्तर हसले. कितीतरी दिवसांनी मी त्यांना दात दाखवून हसताना बघितलं.

आत गेलो तर भिंतीला कागदी झालरी. एका आजींची त्या दिवशी शंभरी निघाली. तिथली व्यवस्था बघणाऱ्या बाई म्हणाल्या, "पंधरा मिनिटं, मास्तर. केक कापला की खोली तुमचीच." मग फोटो झाले. नातवंडं आली, पणतवंडं आली, एक खापरपणतू आला आणि रडला म्हणून पुन्हा फोटो झाले. केक आला, तो कापायला सुरी नव्हती. सुरी आली, तर आजी झोपल्या होत्या. त्यांना उठवायचं की नाही यावर दोन मुलींचं भांडण लागलं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते आणि मास्तर आपल्या हाताकडे.

बाराला पाच कमी असताना मी म्हटलं, "उद्या येऊ या का?"

"उद्या तो कोण असेल कोणाला माहीत?"

"मग दुसरी गोळी?"

"चार तास व्हायला हवेत. दोनला. दोनला इथे सगळे झोपतात." त्यांनी हात कोटाच्या खिशात घातला. खिसा हलत होता.

बारा वाजून वीस मिनिटांनी खोली आमची झाली. पियानो भिंतीला लावलेला, दोन पट्ट्या मुक्या, बाकीच्या वयाप्रमाणे. वीसेक म्हातारी माणसं खुर्च्यांत. कार्मेलेने एर्रामुनची चाकांची खुर्ची ढकलत आणली आणि अगदी समोर लावली, मास्तरांपासून चार पावलांवर.

एकतीस वर्षांत ते दोघं एवढे जवळ आले नव्हते. एर्रामुनची मान तशीच, कोंबड्यासारखी ताठ. पण मी तोंडाकडे फार वेळ बघत नाही, ते माझं कामच नाही. मी पाय बघितले. सुजून भाकरीएवढे झालेले, फ्लॅनेलच्या सपातांत, खुर्चीच्या लोखंडी पट्टीवर शेजारी शेजारी ठेवलेले. जोडे आत गेलेच नसते. पिशवी मी पायाने पियानोखाली सरकवली.

"बाबा, हे तुमच्यासाठी वाजवणार आहेत," कार्मेले म्हणाली.

"वाजवू देत की," एर्रामुन म्हणाला.

मास्तरांनी व्हायोलिन हनुवटीखाली घेतलं.

सुरुवात चांगली झाली. खरंच झाली. पहिली दोन पानं नमस्काराची आहेत, नाचणारा पुढे येऊन टोपी काढतो तशी. मुक्या पट्ट्या टाळून मला वाजवता आलं. मग पाचाची चाल लागली आणि मागच्या रांगेतल्या एका आजोबांनी काठी आपटायला सुरुवात केली, बरोबर ठोक्यावर. गज थरथरत होता, पण वेगात ते खपून गेलं. सातव्या पानावर मी एक पूर्ण ओळ चुकले. मास्तर थांबले नाहीत, मी धावत त्यांना गाठलं. एर्रामुन ऐकत होता. डोकं एका बाजूला कलतं करून, कपाळाला आठी घालून, ओळखीचं काहीतरी लांबून येतंय असा. कार्मेलेने माझ्याकडे बघितलं आणि मी मान हलवली. आम्हा दोघींनाही वाटलं, झालं.

दहावं पान. व्हायोलिन एकटं वर चढलं. मी हात उचलले आणि मास्तरांकडे बघितलं.

मास्तर एर्रामुनच्या पायांकडे बघत होते.

माझ्या खोलीतल्या त्या फुटक्या फरशीची इथे त्यांना गरजच नव्हती. ते पाय समोर होते. सगळ्या जन्माची सवय ती. नाचणाऱ्याचे पाय समोर असताना वाजवणारा दुसरीकडे कुठे बघणार? मी मोजलं. पाच, सहा, सात. सात आणि थोडं. मास्तरांची मान हलली नाही. आठ, नऊ. गज टोकाला पोचला, त्यांनी तो वळवला, वळताना तो तारेवर अडखळला आणि पुन्हा लागला. ते बघत होते. डोळे एवढे उघडे की त्यांना पाणी आलं. बारा, तेरा. सपाता जिथल्या तिथे. सूर आता सूर राहिला नव्हता, दाराची फट वाऱ्याने वाजते तसं काहीतरी होतं. मी ठोका द्यायला हवा होता का? हे मी नंतर स्वतःला पुष्कळ विचारलं. एक ठोका दिला असता तर ते शेवटचं पान लागलं असतं, आणि त्या शेवटच्या पानावर नाचणारा नीट उभा राहतो, टोपी घालतो, सगळं सावरतं. पण मला सांगून ठेवलं होतं, मी उतरलो की तू उतर. आणि ते उतरले नाहीत. वीसपर्यंत मी मोजलं. मग हाताने दगा दिला. गज तारेवरून घसरला आणि खाली लोंबायला लागला.

तिथल्या बाईंना वाटलं, संपलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांचं बघून सगळ्यांनी वाजवल्या. शंभर वर्षांच्या आजी जाग्या झाल्या आणि त्यांना वाटलं आपल्यासाठीच आहे, त्यांनी मान लववली.

एर्रामुनचा एकच हात चालतो. त्याने तो खुर्चीच्या दांडीवर आपटला, तीनदा, चारदा. पाहुण्या कलावंतासाठी वाजवावी तशी टाळी.

"छान वाजवलंत," तो मास्तरांना म्हणाला. "आमच्या बाजूचे दिसता."

"हो," मास्तर म्हणाले. "वरच्या अंगाचा."

"माझा भाऊपण वाजवतो."

कार्मेले खाली वाकली. "बाबा, अहो हे..." मास्तरांनी हात वर करून तिला थांबवलं. हात थांबवता थांबवता हलत होता.

"हो का? कसा वाजवतो?"

एर्रामुनने जरा विचार केला. "हात चांगला आहे त्याचा. पण तो थांबत नाही."

"आता थांबतो म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"लोक."

"लोकांना काय कळतंय," एर्रामुन म्हणाला. मग त्याच्यासमोर ट्रे आला, लसणाचं सूप. कार्मेलेने त्याच्या गळ्यात टॉवेल अडकवला आणि त्याने आमच्याकडे बघणं सोडून दिलं.

गावातले काही म्हणतात, त्याने ओळखलं होतं. एर्रामुनच तो, ओळखून असंच बोलला असता. अंतोन तर पैज लावायला तयार आहे. मी त्याला म्हटलं, दोन्हीतलं कोणतं बरं ते मला आधी सांग, मग लावू.

*

परत येताना गाडी मी चालवत होते. व्हायोलिनची पेटी मागच्या सीटवर, मास्तर शेजारी. नदी आमच्या उलट दिशेने जात होती. कागदाच्या बंद गिरणीपाशी मास्तर म्हणाले, "पायाला फार सूज आहे त्याच्या."

"हो."

"त्याला घट्ट मोजे घालायला सांग कार्मेलेला."

"सांगते."

"पिशवीत काय आणलं होतंस?"

खोटं बोलायला मला सुचायला हवं होतं. "जोडे," मी म्हटलं.

त्यांना विचारायला लागलं नाही कोणाचे. त्यांनी मागे हात घालून पिशवी ओढली, जोडे काढले आणि मांडीवर ठेवले. दोन्ही तळ उलटे करून बघितले, आधी डावा, मग उजवा. डाव्याच्या पुढच्या बाजूला दोरी जराशी दबलेली आहे, एका नाचाची. त्यांनी तिथे अंगठा ठेवला. लाल बंद त्यांच्या हाताबरोबर हलत होते, घरापर्यंत हलत राहिले.

दारात उतरताना त्यांनी जोडे माझ्याकडे दिले.

"दे कुणालातरी," ते म्हणाले.

एर्रामुन आमच्या काउंटरवर काय बोलला होता ते त्यांना ठाऊक असायचं काही कारण नाही. मी जोडे घेतले. कुणाला देणार? आता पोरं रबरी तळाचे मागवतात, घरपोच येतात, महिन्याभरात झिजतात आणि कोणाचा पाय कसा पडतो ते कोणालाच कळत नाही.

व्हायोलिन अजून माझ्या गाडीत आहे. मास्तरांनी मागितलं नाही आणि मी नेऊन दिलं नाही. ते दुकानात येतात, अकरालाच. पियानोपाशी बसतात, खिडकीखालच्या फरशीकडे पाठ करून. मी एकदा म्हटलं, नुसतं शेवटचं पान वाजवून बघू का, माझा भाग तरी. ते नको म्हणाले.

"अजून हवेत आहे तो," ते म्हणाले.